निलगिरीच्या गाडीसाठी ठाण्याहून निघताना

प्रश्न: आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगा नववीत आहे, त्याला गाड्यांचं वेड आहे. दातेरी रुळावरून डोंगर चढणाऱ्या निलगिरीच्या गाडीत बसायचं म्हणून तो वर्षभर मागे लागलाय. दिवाळीच्या सुट्टीत जावं म्हणतोय. सासरे म्हणतात, ‘पाच तासांच्या गाडीसाठी दोन रात्री जायला नि दोन रात्री यायला, हा काय प्रकार? विमानाने कोईमतूर गाठा, टॅक्सीने उटीला जा आणि उटी-कुन्नूर तासभर त्या गाडीत बसवा त्याला, झालं.’ केवळ एका गाडीसाठी एवढ्या लांब जाण्यात अर्थ आहे का? आणि जायचंच तर आखणी कशी करावी?

उत्तर:

ताई, जरूर जा. फक्त दिवाळीत जाऊ नका आणि उटी-कुन्नूर एवढ्यावर भागवू नका. हे दोन मुद्दे आधीच सांगतो, कारण पुढची सगळी आखणी त्यांच्यावर अवलंबून आहे.

मी ठाण्यात राहतो. आडवाटेच्या, छोट्या पल्ल्याच्या गाड्यांसाठी लांबचे प्रवास आखून देणं आणि जमेल तेव्हा लोकांना सोबत घेऊन जाणं, हे बरीच वर्षं करतोय. तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात निघतो आणि तो रास्त आहे. घरातली वडीलधारी माणसं वेळ नि पैसा यांचा हिशेब मांडतात. त्यांना ‘हौसेला मोल नाही’ एवढं सांगून चालत नाही. त्यांना एक गोष्ट मात्र जरूर सांगा. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला जी पहिली प्रवासी गाडी आली, तिच्या १४ डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित होते. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं त्यांना ३४ किलोमीटर ओढत घेऊन आली. त्या पाहुण्यांना ठाण्याच्या बाजारात खरेदी करायची नव्हती की कोर्टात तारीख नव्हती. ते गाडीत बसायला आले होते. केवळ गाडीसाठी प्रवास करणं आपल्या गावात पहिल्या दिवसापासून चालत आलंय.

आता मुद्द्याचं. मुलाला जुन्या निळ्या डब्यात बसून फोटो काढायचे असते तर सासऱ्यांचा बेत अगदी योग्य होता. पण त्याला दातेरी रूळ हवेत आणि ते उटी-कुन्नूरमध्ये नाहीतच. मेट्टुपालयम ते उटी हा मार्ग ४६ किलोमीटरचा. त्यात कल्लार ते कुन्नूर एवढ्याच, साधारण वीस किलोमीटरच्या टप्प्यात रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या आहेत. वाफेचं इंजिनही मेट्टुपालयमपासून कुन्नूरपर्यंतच असतं. कुन्नूरला ते सुटतं आणि पुढे डिझेल इंजिन लागतं. म्हणजे उटी-कुन्नूर केलंत तर चहाचे मळे दिसतील, हवा छान असेल, पण ज्यासाठी पोरगं वर्षभर मागे लागलंय ते राहूनच जाईल. म्हणून माझा ठाम सल्ला, खालून वर जायचं. गाडी जिथे कष्टाने चढते तिथे आणि चढण्याच्याच दिशेने तिच्यात बसायचं. उतरताना देखावा तोच असतो, पण इंजिनाची मेहनत ऐकू येत नाही.

एवढ्या लांब का जायचं, याचं माझं उत्तर चढणीत आहे आणि ही चढण आपल्या दारातच सुरू होते. ठाण्याहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते तेव्हा मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं लागतात. खंडाळ्याच्या घाटात चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. गाडीच्या दर शंभर टन वजनामागे जवळजवळ पावणेतीन टनांचा भार सतत मागे खेचत असतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर टेकतं ते बोटाच्या नखाएवढ्या जागेत. पकड मुळात कमी, पावसात आणखी कमी. एकट्या पुढच्या इंजिनाला हे झेपत नाही, म्हणून मागून जोर लावावा लागतो.

नेरळ-माथेरानला हाच चढ काही ठिकाणी १:२० होतो. तिथे दाते नाहीत. रूळ दोन फुटांच्या अंतरावर, डबे छोटे नि हलके, आणि डोंगराच्या अंगाने वळणावर वळणं घेत उंची गाठायची, ही तिथली युक्ती. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या मेहनतीतून १९०४ ते १९०७ या काळात ती वाट तयार झाली.

निलगिरीत कल्लारच्या पुढे चढ १:१२ वर जातो. शंभर टनांमागे आठ टनांहून जास्त भार. एवढ्या चढावर वाफेच्या इंजिनाच्या नुसत्या चाकांना भरवशाची पकड मिळत नाही. तिथे पकडायला दात हवेत. कर्जत, नेरळ, कल्लार या क्रमाने गेलं की एकाच प्रश्नाची तीन उत्तरं मुलाला अंगावर अनुभवायला मिळतात. व्हिडिओत निलगिरीची गाडी नुसती हळू चालताना दिसते. ती हळू का चालते ते आत बसल्यावर कळतं. या एका कारणासाठी दोन रात्रींचा प्रवास मला कधीच जास्त वाटलेला नाही.

कल्लारला नेमकं काय होतं ते थोडं सविस्तर सांगतो, म्हणजे मुलाला कुठे कान द्यायचा ते कळेल. मेट्टुपालयमहून निघाल्यावर पहिले सात-आठ किलोमीटर गाडी सुपारीच्या बागांमधून साध्या गाडीसारखीच धावते. कल्लार सोडलं की ती सायकलच्या चालीवर येते. रुळांच्या मधोमध दोन दातेरी पट्ट्या शेजारी-शेजारी सुरू होतात. एकीचा दात जिथे, तिथे दुसरीची खाच, त्यामुळे इंजिनाच्या दातेरी चाकाचा एक ना एक दात कायम अडकलेला राहतो. पट्ट्यांचा सुरुवातीचा तुकडा स्प्रिंगवर बसवलेला आहे. इंजिनाचं चाक त्याच्यावर आलं की तो किंचित दबतो आणि दात खाचेत बसेपर्यंत सांभाळून घेतो. त्या क्षणी मागून एक दाबलेला ‘खट्’ असा आवाज येतो, पाठोपाठ डब्याला बारीक हिसका बसतो आणि पायांखालची कंपनं बदलतात. इंजिनाचा ठेकाही बदलतो. या एक्स वर्गाच्या इंजिनाला चार सिलिंडर असतात. दोन नेहमीची चाकं फिरवतात, उरलेले दोन दातेरी चाकं. सपाटीवर पहिली जोडीच काम करते. दातेरी टप्पा आला की पहिल्या जोडीतून बाहेर पडणारी वाफ दुसऱ्या जोडीत जाते आणि तीच वाफ दुसऱ्यांदा कामाला लागते. मूळची इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमधल्या कारखान्यातली. अलीकडे काही तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने नव्याने बांधली.

इंजिन मागे असतं, हेही मुलाला आधी सांगू नका, त्याला तिथे पाहू द्या. चढताना ते खालच्या बाजूने गाडी ढकलतं. त्यामुळे ड्रायव्हरला पुढचा रूळ दिसत नाही. प्रत्येक डब्याच्या टोकाच्या सज्जात एक ब्रेकवाला उभा असतो, हाताशी हँडब्रेक आणि झेंडे. सगळ्यात पुढचा ब्रेकवाला वाट बघतो, मोकळी असली की हिरवा झेंडा दाखवतो. तो पाहून मागचा दाखवतो, त्याच्या मागचा दाखवतो, असं करत निरोप इंजिनापर्यंत पोचतो. वळणावर खिडकीतून मागे पाहिलं की ओळीने हलणारे झेंडे आणि त्यांच्या शेवटी धुराचा लोट दिसतो. २०८ वळणं, १६ बोगदे आणि २५० पूल असलेल्या वाटेवर ही पद्धत अजून रोज वापरात आहे. मला स्वतःला त्या गाडीत सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट हीच. यंत्र, डोंगर आणि माणसं एकमेकांवर इतकी विसंबलेली फार कमी ठिकाणी पाहायला मिळतात.

आता दिवाळी का नको ते. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर, त्यामुळे दिवाळी म्हणजे आकाश स्वच्छ, असं आपण धरून चालतो. निलगिरीच्या पूर्वेच्या उतारावर, जिथून ही गाडी चढते, तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. कल्लार ते कुन्नूर टप्प्यात दरडी पडतात, रुळांवर माती नि झाडं येतात आणि गाडी कधी एक दिवस, कधी कित्येक दिवस बंद ठेवावी लागते. ठाणे-मुंबईकडची कितीतरी कुटुंबं नेमकी याच सुट्टीत तिथे जाऊन बसने वर चढतात. ठाण्याहून कोकणात किंवा माथेरानला निघताना आपण पावसाचा अंदाज बघतो, पण तमिळनाडूचा पाऊस वेगळ्या महिन्यात असतो हे लक्षात राहत नाही.

तुमच्यासाठी मी एप्रिलचा दुसरा पंधरवडा धरीन. नववीची परीक्षा बहुधा संपलेली असेल, उटीची मे महिन्यातली तुफान गर्दी अजून सुरू व्हायची असेल आणि डोंगर कोरडा असेल. शाळेची चार दिवस रजा मिळत असेल तर फेब्रुवारी त्याहून चांगला. कुठल्याही महिन्यात शनिवार-रविवार टाळा.

आखणी उलटीकडून करायची. लोक आधी ठाण्याहून निघायचा दिवस ठरवतात, मग हॉटेल आणि सगळ्यात शेवटी डोंगरगाडीचं तिकीट बघतात. तोवर ते संपलेलं असतं. तुम्ही खिळा मेट्टुपालयमच्या फलाटावर ठोका: सकाळी ७.१०ची गाडी, अमुक वार. बाकी सगळं त्याच्या मागे मोजत या. ही गाडी दिवसातून एकदाच वर जाते, डबे तीन-चार, जागा फार थोड्या. प्रतीक्षायादीवर भरवसा ठेवू नका. लांबच्या गाड्यांना रद्द होणारी तिकिटं भरपूर, म्हणून यादी सरकते. इथे ती फारशी सरकत नाही.

समजा गुरुवारी सकाळी डोंगर चढायचा आहे. एलटीटी (कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस)-कोईमतूर एक्सप्रेस रात्री ठाण्याला थांबते, पुणे, सोलापूर, बंगळूर, सेलममार्गे जाते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कोईमतूरला पोचते. म्हणजे सोमवारी रात्री ठाण्याहून निघून बुधवारी सकाळी कोईमतूर. आता आरक्षणाची गंमत बघा. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं आणि हे दिवस प्रत्येक गाडीच्या आपल्या तारखेपासून मोजतात. तुमची सोमवारची गाडी गुरुवारच्या डोंगरगाडीच्या तीन दिवस आधी उघडणार. मग सोमवारचं तिकीट आधी काढून ठेवायचं, तीन दिवसांनी आठच्या ठोक्याला डोंगरगाडीवर बसायचं. मिळालं तर हॉटेल नि परतीचं बघायचं. नाही मिळालं तर दुसरा-तिसरा वार बघायचा किंवा सोमवारचं तिकीट रद्द करायचं. इतक्या आधी रद्द केलं तर ठरावीक रक्कम कापून बाकीचे पैसे परत येतात. त्या कपातीला मी आखणीचाच खर्च मानतो.

कोईमतूरला बुधवारी सकाळी उतरलात की त्याच दिवशी डोंगरगाडी पकडता येत नाही, ती सातलाच गेलेली असते. याचं वाईट वाटून घेऊ नका. लांबची गाडी आणि छोटी गाडी यांच्यात एक रात्र मोकळी सोडणं हा या सगळ्या प्रवासांचा पाया आहे. लांब पल्ल्याची गाडी तीन-चार तास उशिरा येऊ शकते. डोंगरगाडी तुमच्यासाठी थांबत नाही. ती फक्त चेन्नईहून पहाटे येणाऱ्या निलगिरी एक्सप्रेसशी जोडलेली आहे. कोईमतूर ते मेट्टुपालयम ३६ किलोमीटर, पॅसेंजर गाडीने तासाभराच्या आत पोचाल. दुपारी जाऊन तिथेच मुक्काम करा.

आणि मुलाला संध्याकाळी पाचच्या आसपास स्टेशनात घेऊन जा. उटीहून दुपारी दोनला सुटलेली गाडी साडेपाचच्या सुमारास खाली येते. प्रवासी उतरून गेले की इंजिन सुटतं, पाणी भरतात, माणसं चाकांभोवती वंगण घालत फिरतात. त्या वेळी घाईगर्दी नसते, फलाटावरून शांतपणे बघता येतं आणि कुणाला नम्रपणे विचारलंत तर माणसं हौसेने सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना जागा पकडायच्या असतात, तेव्हा ही मजा मिळत नाही. स्टेशनात छोटं संग्रहालय आहे, तेही बघून घ्या.

सासऱ्यांच्या विमानाबद्दल. येताना विमानाने या, माझी काही हरकत नाही. मुंबई-कोईमतूर थेट विमानं आहेत, सुट्टीचे दोन दिवस वाचतील आणि घरात शांतता राहील. जाताना मात्र गाडीनेच जा. कर्जतला मध्यरात्रीच्या आगेमागे गाडी थांबेल तेव्हा मुलाला उठवा. मागून बँकर लागल्याचा धक्का त्याला वरच्या बर्थवरही जाणवेल. दोन दिवसांनी कल्लारला तो दुसरा ‘खट्’ ऐकेल तेव्हा त्याच्याकडे तुलनेला काहीतरी असेल. विमानाने गेलं तर हा धागा तुटतो. परतही गाडीनेच यायचं असेल तर कोईमतूरहून शोरानूरला जाऊन नेत्रावती एक्सप्रेस पकडा. ती कोकण रेल्वेने येते, पनवेल आणि ठाणे दोन्हीकडे थांबते. ऐरोलीला ते सोयीचं.

काही बारीकसारीक गोष्टी पटापट सांगतो. डोंगरगाडीच्या डब्यात स्वच्छतागृह नाही, मधल्या स्टेशनांवर गाडी पाणी घ्यायला थांबते तेव्हा उरकून घ्यायचं. सासरे बरोबर येणार असतील तर हे त्यांना आधी सांगा. हिलग्रोव्हला चहा-कॉफी मिळते आणि माकडं हातातला खाऊ पळवतात. दशम्या-चटणीचा डबा तिथे उघडू नका. निलगिरी जिल्ह्यात प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांवर बंदी आहे, घरून स्टीलच्या न्या. खासगी गाडीने किंवा टॅक्सीने वर जाणार असाल तर ई-पास लागतो, रेल्वेने किंवा एसटीसारख्या सरकारी बसने गेलात तर ती भानगड नाही. उटीत एप्रिलमध्येही संध्याकाळी स्वेटर लागतो.

या सगळ्याच्या आधी माथेरान करा. ऐरोलीहून ठाणे, मधे फक्त दिघा गाव. ठाण्याहून सकाळची कर्जत लोकल पकडून नेरळ. नेरळ-माथेरानचं तिकीट नेरळच्या खिडकीवरच मिळतं, म्हणून लवकर पोचून रांगेत उभं राहायचं. वीस-एकवीस किलोमीटरला अडीच तासांहून जास्त लागतात. जुम्मापट्टी गेल्यावर मुलगा काय करतो ते बघा. खिडकीला चिकटून ‘हे वळण कसं घेतलं’ विचारत असेल तर निलगिरीचं तिकीट काढा. ‘अजून किती वेळ’ असं विचारत मोबाइल काढला तर एक वर्ष थांबा, घाई नाही. लक्षात ठेवा, नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या आधीचं स्टेशन) हा टप्पा पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतो. तेव्हा अमन लॉज-माथेरान अशी तीनेक किलोमीटरची शटल तेवढी चालते. ती दस्तुरी नाक्यापासून पायपीट वाचवायला उत्तम, पण खरी चढण तिच्यात नाही. परत खाली यायला दस्तुरीहून टॅक्सी केली तरी चालेल.

दिवाळीची सुट्टी रिकामी राहते असं वाटत असेल तर तिच्यासाठी वेगळी गाडी सुचवतो. सकाळची मांडवी एक्सप्रेस ठाण्याहून किंवा पनवेलहून पकडून दिवसाउजेडी मडगावला जा. वाटेत रत्नागिरीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि पुढे ६४ मीटर उंचीचा पानवलचा पूल येतो. एक-दोन दिवस गोव्यात राहून वास्कोहून दुपारी सुटणाऱ्या गोवा एक्सप्रेसने पुण्याकडे परता. कुळे स्टेशनात मागे बँकर लागतात आणि कॅसल रॉकपर्यंतचा २६ किलोमीटरचा ब्रागांझा घाट सुरू होतो. चढ १:३७, म्हणजे खंडाळ्याएवढाच, पण इथे तो कलत्या उन्हात दिसतो. दूधसागर दिवाळीच्या सुमारास चांगलाच वाहत असतो. वेगळं आरक्षण नाही, खास डबा नाही, साधं स्लीपरचं तिकीट पुरतं. दूधसागरला मात्र उतरायचं नाही, रेल्वेची मनाई आहे आणि ती योग्य आहे. गाडीच्या दारात लटकून रील काढणाऱ्यांच्यात तुमचा मुलगा नसावा, एवढं त्याला ठणकावून सांगा.

अजून एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. निलगिरीची गाडी २००५पासून जागतिक वारसा यादीत आहे. ती पुढच्या वर्षीही असेल. पण नववीतल्या मुलाच्या वहीत गाड्यांची यादी नक्की असणार. त्या यादीत ज्या गाड्यांना असं संरक्षण नाही, त्यांना वरचा नंबर द्या. आपल्या महाराष्ट्रात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला होती. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत राबलं, पुढे डिझेलवर चालली आणि मग बंद पडली. पाचोरा-जामनेरची ५६ किलोमीटरची ‘पीजे’ २०२०मध्ये थांबली. ठाण्याहून रात्रीची भुसावळकडची गाडी पकडली की पहाटे पाचोरा यायचं, फलाटाच्या एका कडेला ती चिमुकली गाडी उभी असायची. केळीच्या पट्ट्यातून, कापसाच्या शेतांमधून ती जायची आणि तिच्यात शाळेची मुलं, बाजाराच्या पाट्या, दुधाच्या किटल्या अशी रोजची माणसं-सामान असायचं. आज त्या अनुभवासाठी तिकीट काढायची सोयच नाही. गुजरातेतली बिलिमोरा-वघई ही गायकवाडी काळातली ६३ किलोमीटरची छोटी गाडी २०२०मध्ये बंद झाली होती, लोकांच्या मागणीनंतर २०२१मध्ये पुन्हा सुरू झाली. वसईहून सकाळी निघून ती करता येते. जाण्याच्या आधी चालू आहे ना, याची बिलिमोऱ्याला चौकशी करूनच निघा. मुलगा दहावीच्या अभ्यासात अडकण्याआधी एखाद्या रविवारी त्याला तिथे घेऊन गेलात तर मला फार आनंद होईल.

शेवटी, सगळं नीट आखूनही डोंगरगाडी ऐनवेळी रद्द झाली तर काय? एप्रिलमध्ये ही शक्यता कमी, पण एखादी दरड किंवा इंजिनाचा बिघाड कधीही येऊ शकतो. म्हणून उटीत दोन रात्री ठेवा, एक नको. गाडी रेल्वेने रद्द केली तर तिकिटाचे पैसे पूर्ण परत मिळतात. मेट्टुपालयमहून बसने कुन्नूरला जा आणि तिथून उटीची गाडी चालू आहे का बघा. खालचा दातेरी टप्पा बंद असताना वरचा टप्पा बऱ्याचदा चालू असतो. कुन्नूरच्या शेडमध्ये एक्स वर्गाची इंजिनं उभी असतात, फलाटावरून दिसतात. दुसऱ्या दिवशी खालचा टप्पा सुरू झाल्याचं कळलं तर उटीहून दुपारी दोनच्या गाडीने खाली या. त्या दिशेला इंजिन पुढे राहून सगळ्या गाडीचं वजन अडवून धरतं आणि दाते ब्रेकचं काम करतात. चढण नाही मिळाली तरी दाते मिळतील. आरक्षित तिकीट न मिळाल्यास आरक्षण नसलेल्या थोड्या जागा असतात, त्यासाठी बाराच्या आधी उटी स्टेशनात रांगेला उभे राहा.